टाकीला वाफसा येऊ द्या : नव्या फिशटँकमधले मासे आठवडाभरात का मरतात?

शनिवारी संध्याकाळी टाकी घरी आली. दोन फुटी, वर निळा दिवा, खाली रंगीत खडी, कोपऱ्यात झाकण उघडून बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा. त्याच फेरीत बारा मासेही आले : चार गोल्डफिश, चार मॉली, दोन एंजल आणि 'काच साफ ठेवतात' म्हणून दुकानदाराने दिलेले दोन सकर. गुरुवारपासून एकेक मासा उलटा तरंगायला लागला. रविवारी सकाळी साडेसातला भाच्याचा फोन आला, "मामा, अजून दोन गेले." बारांपैकी पाच उरले होते.

राजारामपुरीतून कळंब्याला पोचलो तेव्हा ताई टाकीपुढे कमरेवर हात ठेवून उभी होती. "पाणी बघ की, काचेसारखं आहे. काल सगळं उपसून नवं भरलंय. खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला. एवढं करून मरायला झालंय काय ह्यांना?"

माझ्या पिशवीत टेस्ट किट होतं. काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो. पिवळं राहायला हवं होतं, ते पोपटी झालं. काल भरलेल्या पाण्यात आज १ पीपीएम अमोनिया. पीपीएम म्हणजे एका लिटरमागे एक मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण माशाच्या कल्ल्यांना तेवढा भाजायला पुरतो.

दर मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीनंतर कोल्हापुरात किती घरांत हे असंच होत असेल! दुकानदाराशी भांडायला गेलं की तो विचारतो, "टँक सायकल केला होता का?" आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे बघतच राहतं. सायकल कुठली? दोन चाकांची?

माशाची घाण दिसत नाही

आपण घाण डोळ्यांनी ओळखतो. गढूळ पाणी वाईट, नितळ पाणी चांगलं. टाकीच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा निचरा तो मुख्यतः अमोनियाच्या रूपाने करतो, आणि त्यातला बराचसा कल्ल्यांतून, म्हणजे श्वास घेता घेताच बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो. रंग नाही, आणि एवढ्या थोड्या प्रमाणात वासही नाही.

नदीत हा अमोनिया वाहून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पाणी बसतं जेमतेम ५६ लिटर. वाहून जायला जागा नाही. खोलीची दारं-खिडक्या लावून आत चूल पेटवल्यासारखं.

त्यात आणखी एक खोच आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक जहाल आणि एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, ज्याला अमोनियम म्हणतात. कुठलं रूप किती, ते पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की क्षाराकडे त्या मापावर, आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा साधारण दोनशेवा भाग जहाल असतो. पीएच ८ झाला की विसावा भाग. एका अंकाने जवळजवळ दहापट. त्यामुळे तेवढेच मासे, तेवढंच खाद्य असूनही धरणाच्या पाण्यावर कुणाचे मासे तगतात आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर शेजाऱ्याचे जातात.

उसाच्या रानात रोज चालणारं काम

मग जुन्या, मुरलेल्या टाक्यांत मासे वर्षानुवर्षं कसे जगतात? तिथे हा अमोनिया कोण संपवतं?

तेच, जे आपल्या उसाच्या रानात संपवतात. युरिया टाकला की तो काही दिवसांत जमिनीत अमोनियम होतो. मग मातीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट मुळांना सहज घेता येतं, पण ते पाण्याबरोबर खाली झिरपूनही जातं. म्हणून २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप देणं सरकारने सक्तीचं केलं. कडुलिंब या जिवाणूंना मंदावतो, युरिया जमिनीत जास्त दिवस पुरतो. जुने शेतकरी निंबोळी पेंड युरियात कालवायचे, ते याचसाठी. (म्हणूनच कुणी कितीही सांगितलं तरी टाकीत कडुलिंबाचा पाला टाकू नका. रानात जे जिवाणू आपल्याला मंद हवेत, तेच टाकीत चपळ हवेत.)

या दोन पायऱ्यांच्या कामाला टाकीवाले म्हणतात नायट्रोजन चक्र, आणि हे चक्र टाकीत सुरू करून देण्याला इंग्रजीत सायकलिंग. आमच्या घरी यासाठी वेगळाच शब्द आहे. मी पहिली टाकी आणली तेव्हा माझेही मासे मेले होते, आणि गावाकडून आलेल्या आबांना मी हे सगळं समजावून सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे वापसा न्हवता रं तुझ्या टाकीला. वापसा आल्याबिगार पेरतंय व्हय कोण?"

याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. वाफसा म्हणजे नुसता ओलावा नाही. रानात पाणी साचलेलं असताना वाफसा नसतो, आणि भेगा पडल्यावरही नसतो. मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळती असतात ती स्थिती म्हणजे वाफसा. टाकीतल्या जिवाणूंनाही हेच लागतं, पाणी आणि त्यात भरपूर विरघळलेला प्राणवायू. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला त्यांना साडेचार ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात पंचगंगेचं पात्र आटतं, सांडपाणी तेवढंच राहतं आणि मेलेल्या माशांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, त्यामागेही हा हिशेब असतो. घाण खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि माशांच्या वाट्याला उरत नाही.

दोन पाळ्यांचे कामगार, दोन्ही संथ

पहिल्या पाळीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या रंगद्रव्याचं असं रूप करून टाकतं की ते प्राणवायू धरूच शकत नाही. रक्त चॉकलेटी होतं. मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड वासतो, एअर पंप फसफसत असला तरी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे, तिच्यामागे तान्ह्या बाळांच्या पोटात त्याचं नायट्राइट होऊन रक्तात होणारा हाच बिघाड आहे.

दुसऱ्या पाळीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बरंच सोसतं. आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं.

हे कामगार आळशी नाहीत, पण त्यांचा वंश फार हळू वाढतो. पोटातले किंवा नासणाऱ्या अन्नातले काही जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना चांगल्या परिस्थितीतही अर्धा दिवस ते दिवसभर लागतो, थंडीत त्याहून जास्त. दुसरी पाळी तर पहिलीने नायट्राइट तयार केल्याशिवाय कामाला लागतच नाही. म्हणून टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे. ताईच्या टाकीला मिळाला होता एक आठवडा, आणि त्यातही शेवटी स्पंज नळाखाली धुतला गेला. जे काही मूठभर कामगार जमले होते, ते तिने क्लोरीनच्या पाण्याने धुऊन मोरीत सोडले.

हे जिवाणू कोण, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही शंभर वर्षं पुरला. १८९०च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने दोन पायऱ्यांचे दोन वेगळे जिवाणू असल्याचं दाखवलं, आणि पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पक्की झाली. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या फिशटँकमध्ये शोध घेतला तर दुसरं काम नायट्रोबॅक्टर नव्हे, नायट्रोस्पायरा नावाचा वेगळाच गट करताना सापडला. आणि २०१५ मध्ये याच गटातले असे काही जिवाणू मिळाले की जे दोन्ही पायऱ्या एकटेच करतात. आपल्याला एवढी नावं पाठ करायची गरज नाही. पण बाटलीतल्या बॅक्टेरियांबद्दल पुढे बोलताना हे कामी येईल.

ते पाण्यात नसतात

बहुतेकांची गल्लत इथे होते. "जुन्या टाकीतलं दोन बादल्या पाणी आणून ओतलं, तरी मासे मेले," असं मला निदान चार जणांनी सांगितलंय. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे पोहत नाहीत. ते चिकटून राहतात, स्पंजच्या छिद्रांत, फिल्टरमध्ये घालतात त्या सिरॅमिक रिंगांवर, खडीवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात. जिथे पाणी सतत वाहतं आणि हवा मिळते तिथे त्यांची वस्ती दाट. फिल्टरमध्ये ती सगळ्यात दाट.

म्हणजे फिल्टर हे गाळणं नाही, ते रान आहे. तो तपकिरी, चिकट, बघून किळस येणारा स्पंज हीच टाकीतली सगळ्यात मोलाची वस्तू. पाण्याचा प्रवाह कमी झाला की तो टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलकेच दाबायचा आणि परत लावायचा. पांढराशुभ्र करायचा नाही.

मग रिकाम्या टाकीला वाफसा आणायचा कसा?

ताईकडचे उरलेले पाच मासे मी घरी नेले आणि माझ्याकडच्या जादा मुरलेल्या स्पंज फिल्टरसह एका टबात ठेवले. तिच्या टाकीत फक्त पाणी, खडी आणि चालू फिल्टर राहिला. ताईला हे पटेना. "मासे नाहीत आणि रात्रंदिवस मशीन चालू? लाईट बिल कोण भरणार?" हिशेब केला : ५ वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी ३.६ युनिट. ती गप्प झाली, समाधान झालं असं नाही.

जिवाणू यायला हवेत तर त्यांना खायला हवं. मासे नसताना अमोनिया द्यायचा कुठून? याला आपल्याकडे जुना, ओळखीचा पदार्थ आहे, नवसागर. दारात कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात कथील टाकून पांढरी पूड कापसाने फिरवायचा, भस्सकन धूर व्हायचा आणि नाकात झोंबायचं, ती पूड म्हणजे नवसागर, अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईचा नवसागर टाकीत नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्यावा. छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ६ ग्रॅम तोलून एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवायचं, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. या द्रावणातलं टाकीच्या दर लिटरमागे १ मिली घातलं की टाकीत साधारण २ पीपीएम अमोनिया होतो. ५० लिटर पाणी असेल तर ५० मिली. घाई म्हणून दुप्पट-तिप्पट घालू नये. ५ पीपीएमच्या वर गेलं की दुसऱ्या पाळीच्या जिवाणूंनाच ते जड जातं आणि गाडी अडते.

नवसागर नको असेल तर रोज माशांचं चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकत राहणं हाही मार्ग आहे. ते कुजतं, अमोनिया होतो. वेळ थोडा जास्त लागतो, आणि पाणी दुधाळ होऊन वास येतो. दुधाळपणा आपोआप जातो, त्याला औषध नाही आणि लागतही नाही.

पाणी भरताना क्लोरीन घालवायला विसरू नये. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जिवाणू मारण्यासाठीच, तो चांगले-वाईट बघत नाही. बादल्यांत पाणी चोवीस तास उघडं ठेवलं, मध्ये दोनदा ढवळलं, की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून थेंब मिळतात.

भाच्याने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा ताबा घेतला. ताईचा दुधाचा हिशेब चौकटीच्या वरच्या अंगाला, त्याचे आकडे खालच्या अंगाला. पहिले आठ दिवस काहीच घडलं नाही, नळी रोज तशीच पोपटी. तो वैतागला. नवव्या दिवशी अमोनिया थोडा उतरला, आणि नायट्राइटची नळी, जी आकाशी निळी असायची, ती जांभळी झाली. मग तो जांभळा रंग जाईचना. पंधरवडाभर जांभळा. या टप्प्यावर निम्मे लोक धीर सोडतात आणि मासे आणतात. दुसरी पाळी पहिलीपेक्षा उशिरा भरते, एवढंच त्याचं कारण. अमोनिया संपला की तो पुन्हा थोडा घालत राहायचा, नाहीतर पहिली पाळी उपाशी.

तेहतिसाव्या दिवशी दोन्ही नळ्या साफ. पण एकदा शून्य आलं म्हणजे झालं असं नाही. परीक्षा अशी : पुन्हा २ पीपीएम अमोनिया घालायचा, चोवीस तासांनी तपासायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वाढलेलं, म्हणजे टाकीला वाफसा आला. मग नायट्रेट उतरवण्यासाठी निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं आणि दुसऱ्या दिवशी मासे.

विरजण मिळालं तर

महिनाभर थांबायचं नसेल तर सगळ्यात चांगली युक्ती घरात रोज होते ती. दूध नुसतं ठेवून दही लागायची वाट आपण बघत नाही, शेजारून विरजण आणतो. तसंच ओळखीतल्या कुणाच्या, वर्षभर नीट चाललेल्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर रिंगा मागून आणायच्या आणि आपल्या फिल्टरमध्ये घालायच्या. महिन्याचं काम आठ-दहा दिवसांवर येऊ शकतं.

आणताना त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणायचा. शाहूपुरीतून कळंब्याला दुपारच्या उन्हात डिकीत घालून, वाटेत चहाला थांबून नाही. तो वाळला किंवा तापला की विरजण गेलं. आणि रोग असलेल्या टाकीतलं विरजण घेऊ नये, हे सांगायला नकोच. दहीसुद्धा आपण कुणाकडचंही आणत नाही.

"पण पूर्वी हौदात गप्पी जगायचेच की!"

जगायचे, आणि अजूनही जगतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत, टाक्यांत गप्पी सोडतात, त्यांना ना फिल्टर ना टेस्ट किट. पण तो हौद बघा. हजार लिटर पाणी, वीस मासे, कडेला हिरवं शेवाळ, वर ऊन-वारा, खाद्य जे मिळेल ते. शेवाळ अमोनिया थेट खातं. दगड-सिमेंटच्या खरबरीत भिंतींवर जिवाणूंची वस्ती वर्षानुवर्षांची. तो हौद कधीच 'नवा' नव्हता. आपण ५६ लिटरच्या घासूनपुसून लख्ख काचेत बारा मासे घालून दिवसातून तीनदा खाद्य टाकतो, आणि तुलना हौदाशी करतो.

यातून घेण्यासारखं आहे ते झाडांचं. वॉलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट अशा भराभर वाढणाऱ्या पाणवनस्पती अमोनिया शोषतात आणि सुरुवातीचे दिवस सुसह्य करतात. फक्त रंकाळा तलावातून केंदाळ उचलून आणू नका. त्याबरोबर गोगलगायी, किडे आणि काय काय येईल ते रंकाळ्यालाच ठाऊक.

"रोज सगळं पाणी बदललं तर?"

ताईने हेच केलं होतं. अमोनिया कमी होतो, खरं आहे. पण रोज नवा क्लोरीन, रोज वेगळं तापमान, रोज वेगळा पीएच, आणि जाळीत धरून इकडून तिकडे करताना माशाला बसणारा धसका. शिवाय खडी-स्पंज धुतला की वस्ती उठते आणि चक्र पुन्हा पहिल्या दिवसावर. थोडं पाणी वारंवार बदलणं वेगळं, टाकी रिकामी करून घासणं वेगळं. पहिलं उपयोगाचं, दुसरं टाकीला पुन्हा नवी करून टाकणारं.

मासा सुस्त दिसला की दुकानातून एक निळं औषध हमखास मिळतं, मिथिलिन ब्ल्यू. बुरशीवर त्याचा उपयोग आहे, पण ते वेगळ्या भांड्यात. मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधल्या जिवाणूंवरही घाव बसतो. अमोनियाने भाजलेल्या माशाला औषधाची गरज नसते, त्याला पाण्याची असते.

"बाटलीत तयार बॅक्टेरिया मिळतात, मग महिनाभर कशाला?"

मिळतात, आणि सगळेच फसवे नाहीत. पण हे जिवाणू काही कोरडी पूड होऊन वर्षभर झोपून राहणाऱ्या जातीचे नाहीत. उन्हात तापलेल्या गोदामातून आणि टपावरच्या खोक्यातून आलेल्या बाटलीत किती जिवंत उरले, हे झाकण उघडून कळत नाही. त्यातून आधी सांगितलेली गोष्ट : फिशटँकमध्ये खरं काम करणारा गट कुठला, हेच १९९८ पर्यंत नीट माहीत नव्हतं, आणि अजूनही काही बाटल्यांवर जुनीच नावं छापलेली असतात. माझं मत असं की बाटली वापरा हवी तर, पण विश्वास नळीवर ठेवा. चोवीस तासांच्या परीक्षेत पास झाली तर बाटली चांगली होती. बाटली घेण्यापेक्षा तेच पैसे थेंबांच्या टेस्ट किटवर घातलेले बरे.

मासे आधीच आणले असतील तर

परत देता आले तर द्या. नाही तर हे एवढं करा. खाद्य दिवसाआड, तेही चिमटीभर. उपाशी मरेल ही भीती सोडा, निरोगी मासा काही दिवस सहज काढतो. रोज पाणी तपासा. अमोनिया किंवा नायट्राइट अर्ध्या पीपीएमला पोचलं की क्लोरीन गेलेल्या पाण्याने पाव ते अर्धी टाकी बदला. नायट्राइट दिसू लागलं की १० लिटरमागे एक ग्रॅम मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच वाटेने आत शिरतो जिथून नायट्राइट शिरतं, आणि त्याची वाट अडवतो. एवढ्या मिठाने झाडांना काही होत नाही. एअर पंप बंद ठेवू नका. आणि मेलेल्या माशांच्या जागी नवे आणू नका, काही झालं तरी.

टाकी तयार झाली, आता किती मासे?

जेवढा अमोनिया तेवढेच जिवाणू, ते शिल्लक ठेवत नाहीत. २ पीपीएमवर तयार केलेली टाकी बऱ्यापैकी मासे पेलते, तरी पहिल्या खेपेला पाच-सहा छोटे मासे आणि मग दोन-दोन आठवड्यांनी थोडे थोडे हेच शहाणपणाचं. दर खेपेनंतर नळ्या तपासायच्या. भाच्याने सहा झेब्रा डॅनियो आणले. टबातले गोल्डफिश मी परत दिले नाहीत. ते फार घाण करतात आणि फुटाला पोचू शकतात, त्यांना दोन फुटी टाकी ही खुराडीच. एंजल आणि गोल्डफिश तर एकत्र ठेवायचेच नाहीत, एकाला गरम पाणी लागतं, दुसऱ्याला गार. सकरही फूटभर वाढतो आणि मग लोक तो तलावात सोडून देतात. देशातल्या किती तरी नद्या-तलावांत तो असाच घुसलाय. काच साफ करायला हात आहेत.

एक गोष्ट महिन्यांनी डोकं वर काढते. हे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षारपणा खात जातात. सह्याद्रीतल्या पावसाचं धरणातलं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा साधारण मऊ असतं, त्यात हा साठा मुळात कमी. पाणी बदलायचा कंटाळा केला तर पीएच घसरत जातो, ६च्या खाली जिवाणू जवळजवळ थांबतात आणि अमोनिया साचू लागतो. पण पीएच कमी म्हणून तो निरुपद्रवी रूपात असतो, मासे ठीक दिसतात. मग एके दिवशी कुणाला तरी साफसफाईचा उत्साह येतो, बोअरचं पाणी धो धो ओतलं जातं, पीएच चढतो आणि साचलेला सगळा अमोनिया तासाभरात जहाल होतो. 'दोन वर्षं जगलेले मासे एका रात्रीत गेले' याचं रहस्य पुष्कळदा हेच असतं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं आणि फिल्टरमध्ये मूठभर शिंपले ठेवणं, एवढ्याने ही वेळ टळते.

लाईट गेली तर

तास-दोन तासांनी काही बिघडत नाही. खरी अडचण लांबलेल्या अंधाराची. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या भागात लाईट गेली आणि दिवस गेले तरी येईना. तेव्हा माझ्याकडे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर होता. पहिल्या रात्री मी मासेच वाचवत बसलो, तांब्याने पाणी वर घ्यायचं आणि फूटभर उंचीवरून परत सोडायचं, दर अर्ध्या तासाने. डब्याकडे लक्षच गेलं नाही. आत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणूंनी काही तासांतच संपवला आणि मग तेच गुदमरले.

तेव्हापासून घरात सेलवर चालणारा एअर पंप असतो, आणि प्रत्येक टाकीत एक साधा स्पंज फिल्टर असतोच. तो उघड्या पाण्यात असल्यामुळे सेलच्या पंपाची नळी त्याला जोडली की रान जिवंत राहतं. बंद डब्याचा फिल्टर असेल तर लाईट जास्त वेळ जाणार असं दिसताच तो उघडायचा, आतला स्पंज आणि रिंगा काढून टाकीतच मोकळ्या सोडायच्या. खाद्य बंद. आणि हे जमलं नाही, तर लाईट आल्यावर डब्याचं बटण तसंच दाबायचं नाही. आत कुजलेल्या अंड्यासारखा वास मारणारं काळं पाणी असतं. ते आधी बादलीत ओतायचं, स्पंज टाकीच्या पाण्यात विसळायचा, आणि पहिल्या दिवसासारखी टेस्ट किटची नळी पुन्हा हातात घ्यायची.